‘ऐकू येतंय ना?’ असं विचारणं बंद करा

ऑपरेशन झालं, मशीन बसलं, मूल ऐकायला लागलं. म्हणजे प्रश्न मिटला. कॉक्लिअर इम्प्लांट केलेल्या मुलाबद्दल शाळांमध्ये सर्रास असाच समज असतो आणि त्यापायी ते मूल वर्गात रोज थोडं थोडं मागे पडतं.

इम्प्लांट म्हणजे नवा कान नव्हे. कानामागच्या प्रोसेसरचा माइक आवाज पकडतो आणि आत बसवलेले डझन-दोन डझन इलेक्ट्रोड त्याचे संकेत थेट श्रवणनसेला देतात. निरोगी कानात हे काम हजारो पेशी करतात. त्यामुळे शांत खोलीत, समोरासमोर हे मूल छान ऐकतं. वर्गात मात्र पंखे घरघरतात, बाक सरकतात, शेजारी पाढे चालू असतात आणि बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणी माइकपासून लांब बसून बोललं, तर दहा मिनिटांत आपलं डोकं उठतं. हे मूल शाळा सुटेपर्यंत तसंच ऐकत असतं.

मग बाई विचारतात, ‘ऐकू येतंय ना?’ मूल ‘हो’ म्हणतं. ते खोटं नसतं, कारण आवाज येतच असतो. शब्द कळले का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

२०१४च्या सुधारित एडिप योजनेत केंद्र सरकारने एका इम्प्लांटसाठी ६ लाखांपर्यंत तरतूद केली. त्या पैशांचं चीज होतं की माती, हे वर्गात ठरतं. तिथे लागतं काय? पुढचा बाक, पंख्या-खिडकीपासून दूर. बोलताना शिक्षकांचं तोंड मुलांकडे. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर शिक्षकांनी पुन्हा मोठ्याने सांगणं. गृहपाठ फळ्यावर लिहिणं. शक्य असेल तर रिमोट माइक: तो शिक्षकांच्या गळ्यात, आवाज थेट मुलाच्या प्रोसेसरमध्ये. माइक सोडला तर यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

‘एवढ्या मोठ्या वर्गात एकासाठी हे सगळं कुठे करायचं?’ हा युक्तिवाद ठरलेला. पण फळ्याशी पुटपुटलेलं शेवटच्या बाकावर कुणालाच ऐकू जात नाही. सोय एकाची म्हणून केली, तरी फायदा सगळ्यांचाच. शिवाय ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम १६नुसार अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्याच आहेत.

तेव्हा विचारायचंच तर असं विचारा: ‘सांग बघू, मी आत्ता काय म्हटलं?’ उत्तर आलं नाही, तर मशीनला दोष देण्याआधी आपण कुठे तोंड करून बोललो, ते आठवा.