वाट रुग्णाची, गुण कार्यालयाचे

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले की डाळज लागते. एका बाजूला उजनीचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला उसाचे फड आणि मधून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५. हैदराबादकडे जाणारे कंटेनर, भरधाव मोटारी, गाळप हंगामातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुचाकीवरून शेताकडे निघालेला शेतकरी आणि रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले, सारे याच पट्ट्यात एकमेकांना भेटतात. ‘डाळज हद्दीत अपघात’ ही बातमी या भागातल्या वाचकाला नवी नाही.

समजा, रात्री अकराला येथे एक दुचाकीस्वार उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. पुढच्या दोन-तीन तासांत तो किती यंत्रणांच्या हातून जातो, हे मोजण्यासारखे आहे. रस्ता, दुभाजक आणि दिवे केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे. वाहतुकीचे नियमन महामार्ग पोलिसांकडे, गुन्ह्याची नोंद स्थानिक पोलीस ठाण्याकडे. १०८ ची रुग्णवाहिका राज्याच्या आरोग्य विभागाची, पण चालविणारी संस्था ठेक्यावरची. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय पुन्हा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. रुग्ण एकच, रक्तस्राव एकच. मालक मात्र सहा-सात.

यातल्या बहुतेक यंत्रणांचे मूल्यमापन होते आणि अलीकडे ते बऱ्यापैकी गांभीर्याने होते. सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. स्वच्छता आणि जंतुसंसर्ग नियंत्रणासाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार आहे. ७० टक्के गुणांची अट, बाहेरच्या पथकाची तपासणी, जिल्ह्यातल्या सर्वोत्तम प्राथमिक आरोग्य केंद्राला दोन लाख रुपये. राज्य सरकारने २०२५ च्या सुरुवातीला सर्व विभागांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम आखला आणि त्याचे गुणांकन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतले. निती आयोग राज्यांचा आरोग्य निर्देशांक काढतो. २०१९-२० या वर्षावर आधारित चौथ्या फेरीत मोठ्या राज्यांमध्ये महाराष्ट्र पाचवा होता.

या तपासण्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ‘कायाकल्प’मुळे अनेक आरोग्य केंद्रांची स्वच्छतागृहे वापरण्याजोगी झाली आणि जैववैद्यकीय कचरा वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत जाऊ लागला. पण या प्रत्येक मोजमापाची हद्द कार्यालयाच्या कुंपणापाशी संपते. रुग्णाचा प्रवास तर कुंपणाबाहेर, एका यंत्रणेकडून दुसरीकडे होतो. त्यामुळे असे घडू शकते की रुग्णवाहिका वेळेत आली, आरोग्य केंद्र स्वच्छ होते, रुग्णालयाला प्रमाणपत्र होते, पोलिसांचा पंचनामा बिनचूक होता. आणि दुचाकीस्वार पहाटे पुण्याच्या वाटेवर दगावला. प्रत्येकाला पूर्ण गुण, आणि एकूण निकाल नापास.

‘रेफर’ या शब्दात काय दडते

सरकारी रुग्णालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ‘रेफर’ हा शब्द ठाऊक आहे. वैद्यकीयदृष्ट्या तो अनेकदा योग्यच असतो. जेथे भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी नाही, रात्री सीटी स्कॅन होत नाही, तेथे डोक्याला मार लागलेला रुग्ण थांबवून ठेवणे हाच गुन्हा ठरेल. प्रश्न आहे तो नोंदीचा. रुग्ण पुढे पाठवला की पहिल्या रुग्णालयाच्या दप्तरात तो ‘संदर्भित’ म्हणून बंद होतो. तो पुढे वाचला की गेला, हे त्या रुग्णालयाला कळविण्याची पक्की पद्धत नाही. मृत्यू झाल्यास तो शेवटच्या रुग्णालयाच्या खाती पडतो. म्हणजे जे रुग्णालय जितके अधिक गंभीर रुग्ण पुढे ढकलेल, तितके त्याचे मृत्यूचे रजिस्टर कोरे. आणि जे कोणालाच परत पाठवत नाही, त्या मोठ्या रुग्णालयाचे आकडे सर्वांत वाईट.

नुसत्या मृत्यूदरावरून रुग्णालयांची तुलना करणारे तक्ते म्हणूनच फसवे असतात. आलेला रुग्ण किती गंभीर होता, त्याचा रक्तदाब किती होता, शुद्ध किती होती, हे हिशेबात धरल्याशिवाय ती तुलना अन्यायाची होते.

रुग्णवाहिकेच्या बाबतीतही हेच. फोन आल्यापासून गाडी घटनास्थळी पोहोचेपर्यंतचा वेळ काटेकोर मोजला जातो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र घड्याळ तेथे थांबत नाही. गाडी पंधरा मिनिटांत आली, पण पहिल्या रुग्णालयात अर्धा तास, तेथून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात एक तास आणि पुण्यापर्यंतच्या शंभरेक किलोमीटरला दोन तास गेले, तर त्या पंधरा मिनिटांचे कौतुक कोणाला?

हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये या शतकाच्या सुरुवातीला तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा निर्णय चार तासांत लागलाच पाहिजे, असे लक्ष्य ठरले. प्रतीक्षा खरोखर कमी झाली, हे त्याचे यश. पण काही ठिकाणी रुग्णांना दाराबाहेर रुग्णवाहिकेतच थांबवून ठेवले गेले, कारण घड्याळ आत आल्यावर सुरू होत असे. चार तास भरत आले की शेवटच्या मिनिटांत रुग्णांना वॉर्डात हलवण्याची एकच घाई उडत असे, हेही अभ्यासांतून दिसले. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची लक्ष्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर कित्येक वर्षे होती. ‘केसेस’ भरण्याच्या नादात दर्जा आणि संमती दोन्ही मागे पडल्यावर १९९६ मध्ये केंद्राने ती लक्ष्ये काढून टाकली. ज्या आकड्यावर बढती किंवा बदली ठरते, तो आकडा हळूहळू वस्तुस्थिती सांगेनासा होतो.

माता मृत्यूने घालून दिलेला धडा

मग मोजायचेच नाही का? मोजायला हवेच, पण रुग्णाच्या वाटेने. त्याचा उत्तम नमुना याच आरोग्य विभागात आहे: माता मृत्यूचे अन्वेषण.

गरोदर किंवा बाळंत स्त्री दगावली, तर केवळ शेवटच्या रुग्णालयाला जाब विचारून प्रकरण संपत नाही. पथक घरी जाते, नातेवाइकांशी बोलते आणि संपूर्ण घटनाक्रम मांडते. त्यामागे १९९४ मध्ये थडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मांडलेली ‘तीन विलंबां’ची कल्पना आहे. दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर झाला का? पोहोचायला झाला का? पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झाला का? ही चौकशी कोणाला दोषी ठरविण्यासाठी नाही, हे मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट केलेले आहे. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. याचे श्रेय एकट्या अन्वेषणाचे नाही. दवाखान्यातील प्रसूती, वाहनाची सोय, रक्ताची उपलब्धता हे सारे त्यात आले. पण यातले नेमके काय कोठे कमी पडते, हे दाखविण्याचे काम अशा चौकशीने केले.

रस्ते अपघातात महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात १५,२२४ माणसे गेली. माता मृत्यूंपेक्षा ही संख्या कितीतरी पट अधिक आहे. त्यात मोठा वाटा कमावत्या वयाच्या माणसांचा. तरीही यातल्या प्रत्येक मृत्यूचा पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, गुन्हा दाखल होतो. चूक कोणत्या चालकाची हे ठरते. रुग्ण वाचू शकला असता का, हा प्रश्न मात्र कोणत्याही कागदावर नसतो.

प्रश्न विचारला, तर उत्तर मिळण्यासारखे असते. एक उदाहरण पुरे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे स्वस्त आणि जुने औषध. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवरील ‘क्रॅश-२’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुखापतीनंतर पहिल्या तीन तासांत ते दिल्यास मृत्यू घटतात. तीन तासांनंतर दिल्यास फायदा नाही, उलट अपाय संभवतो. मोठ्या रक्तस्रावाच्या रुग्णाला हे औषध किती वाजता मिळाले, एवढी एकच नोंद रुग्णवाहिका, औषध पुरवठा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पहिल्या रुग्णालयाची तत्परता या चारही गोष्टींबद्दल बरेच सांगून जाते. भिंतीच्या रंगापेक्षा निश्चितच अधिक.

पाच वेळा, एक कागद

डाळजसारख्या पट्ट्यासाठी नवे कार्यालय किंवा नवी योजना लागत नाही. प्रत्येक गंभीर जखमीच्या पाच वेळा एका कागदावर याव्यात: पहिला फोन कधी आला, रुग्णवाहिका कधी पोहोचली, पहिल्या रुग्णालयात रुग्ण कधी आला, रक्तस्राव किंवा श्वास यांवरचा पहिला उपचार कधी झाला, आणि शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयात तो कधी पोहोचला. या वेळा आजही नोंदल्या जातात. मात्र वेगवेगळ्या रजिस्टरांत, आणि त्या शेजारी-शेजारी कोणी ठेवत नाही. पोलीस, परिवहन, रस्ते आणि आरोग्य या चार विभागांना जोडणारा अपघात माहितीकोश २०२१ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला. त्याचा उपयोग केवळ अपघातप्रवण ठिकाणे शोधण्यापुरता न ठेवता उपचाराच्या वाटेसाठीही करता येईल.

दुसरे, पुढे पाठवलेल्या रुग्णाचे तीस दिवसांनंतर काय झाले, हे पाठवणाऱ्या रुग्णालयाला कळलेच पाहिजे आणि तो निकाल वाटेतल्या सर्वांचा धरला पाहिजे. तिसरे, तालुका पातळीवर महिन्यातून एकदा प्रांताधिकाऱ्यांसमोर महामार्ग प्राधिकरण, पोलीस, १०८, रुग्णालये आणि रस्त्याकडेच्या ग्रामपंचायती एकत्र बसाव्यात; त्या महिन्यातला एकेक मृत्यू घेऊन वाट तपासावी.

चौथे, पडताळणी बाहेरून व्हावी. महाराष्ट्रात २००७ पासून पुण्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत. काही मोजक्या नातेवाइकांना फोन करून ‘गाडी किती वाजता आली, औषध बाहेरून आणायला सांगितले का’ एवढे विचारले, तरी दप्तरातले आकडे जमिनीवर राहतात.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, रिक्त पदांनी आधीच वाकलेल्या कर्मचाऱ्यांवर आणखी कागदाचा बोजा. म्हणून नवा तक्ता सुरू करताना जुने दोन बंद करण्याची अट असावी. दुसरा, एका तालुक्यातली संख्या लहान असते. यंदा तीन मृत्यू आणि पुढच्या वर्षी पाच, यात कामगिरीपेक्षा योगायोगाचा भाग मोठा असू शकतो. म्हणूनच या आकड्यांवरून तालुक्यांची क्रमवारी लावू नये, बक्षिसे वाटू नयेत. वाईट आकड्यासाठी शिक्षा नको. आकडा लपवल्यास मात्र हवी. हा फरक वरिष्ठांनी पाळला नाही, तर खालचा कर्मचारी खरी वेळ लिहिणारच नाही.

एकत्र मोजल्याने फरक पडतो, याचा पुरावा पुण्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली होती. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मृत्यू हाच समान मापदंड धरून रस्त्याची रचना, नियमांची अंमलबजावणी आणि तातडीचे उपचार यांवर एकत्र काम केले. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. द्रुतगती मार्गाला जे लक्ष मिळाले, ते सोलापूर मार्गावरच्या गावांना मिळू नये असे काही कारण नाही.

सरकारी कार्यालयांच्या दर्शनी भागात आता मानांकनांची प्रमाणपत्रे लागतात. लागू द्यावीत. तहसील कार्यालयाच्या फलकावर त्यासोबत आणखी एक ओळ असावी: गेल्या वर्षी या तालुक्यातल्या महामार्गावरून किती गंभीर जखमी उचलले गेले आणि त्यांपैकी किती जण तीस दिवसांनंतर आपल्या घरी होते. ती ओळ लिहायला कोणत्याही एका विभागाची माहिती पुरणार नाही. ती लिहिता यावी म्हणून सगळ्यांना एकमेकांशी बोलावे लागेल, आणि त्या बोलण्याची सुरुवात इंदापूर तालुक्यातून व्हायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.