दगडी हत्तींची भाषा

परवा करमाड स्टेशनवर शेजारची मुलगी भेटली. दिल्लीत जेएनयूत चिनी भाषेत एम.ए. करते, सुट्टीला आली होती. म्हणाली, "काका, घरचे म्हणतात, शेंद्र्याच्या एखाद्या कंपनीत दुभाषी हो. मला शिकवायचं आहे. प्राध्यापकी मिळेल का?"

पोरीला खोटा धीर द्यायचा नव्हता. पात्रतेचा रस्ता सरळ आहे. एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट. नेटला चिनी हा विषय आहेच. अडतं ते पुढे. जागा निघायला आधी विभाग लागतो. शांतिनिकेतनचं चीनभवन १९३७ मध्ये सुरू झालं, जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठातही चिनी शिकवतात. पण असे विभाग देशात मोजकेच आणि आपल्यापासून लांब. शाळांतही दार अरुंद. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकी भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती राहिली नाही. कायम जागेची वाट पाहत तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची, ही घरच्यांची काळजी खरीच आहे.

तरीही मी तिला "सोड" म्हणालो नाही. पुण्याच्या पु. वि. बापटांची आठवण सांगितली. ते फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक. 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथाचं मूळ पाली हरवलं, चिनी भाषांतर तेवढं पूर्ण उरलं. बापटांनी ते चिनीतून वाचलं, पाली 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिलं आणि १९३७ मध्ये तो अभ्यास पुण्यातून प्रसिद्ध केला. नोकरी पालीची होती, चिनीने त्यांच्या अभ्यासाला नवं दार उघडलं. म्हणून तिला म्हणालो, चिनीच्या जोडीला पाली, संस्कृत किंवा इतिहास पक्का कर. त्या विषयाचीही पात्रता मिळवलीस, तर अर्ज करायला एकाऐवजी दोन विभाग होतील.

आणि चिनीतून वाचण्याचं हे काम आपल्या जिल्ह्याचंच आहे. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने वर्णन केलं, दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचं लिहिलं. अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा मानतात. सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही उभे आहेत. आपल्या लेण्यांची ही साक्ष चिनीत आहे आणि आपण ती इंग्रजीतून वाचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली व बौद्ध धर्माचा विभाग आहे. तिथे चिनी ग्रंथ मुळातून शिकवणारी एक कायमची जागा असावी, ही माझी मनापासूनची मागणी आहे. जागा आधी निर्माण झाली, तर पोरं तिच्यासाठी तयारी करतील.

अजिंठा तिने शाळेच्या सहलीत पाहिला होता. आता ह्युएनत्संगचं ते पान चिनीतून वाचून पुन्हा जायचं ठरलंय. हत्तींपाशी उभं राहून ती ते मराठीत सांगणार आहे. ऐकायला मी जाणारच, तिच्या वडिलांनाही सोबत नेणार आहे.