डोस बसेपर्यंत

मार्च २०२५ अखेर इंग्लंडमध्ये एडीएचडीच्या (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता या अवस्थेच्या) तपासणीची वाट पाहणाऱ्यांचा आकडा साडेपाच लाखांच्या घरात गेला होता. हा एनएचएस इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, स्वतःचाच अंदाज. त्यात शाळकरी मुलं आहेत, तशी पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसंही आहेत. तेव्हाच्या वेगानं गेलं तर अनेक भागांत ही यादी संपायला किमान आठ वर्षं लागतील, असं बीबीसीनं २०२४ मध्ये दाखवून दिलं होतं.

आठ वर्षं कोण थांबणार? ज्याला परवडतं, किंवा परवडत नसलं तरी जो कर्ज काढू शकतो, तो खासगी क्लिनिक गाठतो. पाचशे ते हजार-दीड हजार पौंड भरले की काही आठवड्यांत व्हिडिओ कॉलवर तपासणी होते आणि अहवाल हातात पडतो. तो वाचताना अनेकांना रडू येतं. आळशी, धांदरट, बेजबाबदार ही विशेषणं आयुष्यभर ऐकलेल्या माणसाला त्यामागचं कारण पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलेलं असतं. तो दिलासा खरा आहे आणि त्याची किंमत कमी लेखू नये. पण उपचार अजून सुरूच झालेला नसतो, हेही तितकंच खरं.

ब्रिटनमधला सगळा वाद मात्र अहवालापाशीच अडकून पडला आहे. मे २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमानं या वादाला तोंड फोडलं. एका वार्ताहरानं तीन खासगी क्लिनिकांत ऑनलाइन तपासणी करून घेतली आणि तिन्ही ठिकाणी त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. एनएचएसच्या मानसोपचारतज्ज्ञानं मात्र समोर बसवून तीन तासांहून अधिक वेळ तपासलं आणि एडीएचडी नसल्याचा निर्वाळा दिला. घाईघाईच्या तपासण्या उघड्या पाडल्या हे चांगलंच झालं. पण रुग्णांच्या संघटना त्यावर चिडल्या, त्यालाही कारण होतं. माणसं तिथे का जातात हा प्रश्न बाजूला पडला आणि खासगी निदान घेतलेला प्रत्येकजण संशयित ठरला. आपला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आता हा अहवाल मानेल का, ही धास्ती तेव्हापासून अनेकांच्या मागे लागली आहे.

चांगली तपासणी कशी असते, हे गूढ नाही. नाइस या संस्थेनं मार्च २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ते लिहून ठेवलं आहे. निव्वळ प्रश्नावलीच्या गुणांवर निदान करायचं नाही. बालपणापासूनचा इतिहास, आजची मानसिक अवस्था, जवळच्या माणसांची निरीक्षणं हे सगळं पाहायचं. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, आणि ती घरी, शाळेत, कामावर अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसतात का, हे तपासायचं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाची इथे वेगळीच पंचाईत होते. त्याचं बालपण नाशिकला किंवा सांगलीला गेलेलं असतं. मग आईला फोन करून माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढायला सांगायची. त्यात ‘हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नसतं’ असा शेरा सापडला तर उत्तम, पण आईच म्हणते, ‘अरे, तुला काही झालेलं नाही, तू पहिल्यापासून असाच.’ हे ‘पहिल्यापासून असाच’ म्हणजेच पुरावा असतो. पाऊण तासाच्या कॉलवर तो निसटून जातो, आणि निसटला की निदान चुकण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते.

एवढं सगळं पार पडल्यावर खरं काम सुरू होतं. तिथल्या रुग्णांच्या तोंडी त्यासाठी ‘टायट्रेशन’ हाच शब्द असतो. कमीत कमी डोसपासून सुरुवात करायची आणि परिणाम व त्रास यांचा मेळ बसेपर्यंत हळूहळू चढायचं. प्रौढांना बहुधा लिसडेक्सअँफेटामिन किंवा मेथिलफेनिडेट यांपैकी एक औषध दिलं जातं. लिसडेक्सअँफेटामिन बहुतेकदा ३० मिलिग्रॅमपासून सुरू होतं, साधारण आठवड्याच्या अंतरानं २० मिलिग्रॅमनं वाढवता येतं आणि ७० ही त्याची कमाल मर्यादा आहे. कागदावर हे काही आठवड्यांचं काम दिसतं. प्रत्यक्षात महिने जातात.

कारण डोस वजनाकडे पाहून ठरत नाही. ऐंशी किलोच्या माणसाला ३० पुरतात आणि पन्नास किलोच्या बाईला ७० लागतात, असं होऊ शकतं. पहिल्या दिवशी डोक्यातला गलका थांबल्यासारखा वाटतो, दहा दिवसांनी तो अनुभव ओसरतो, आणि डोस कमी पडतोय की नवलाई संपली हे त्या माणसाला स्वतःला सांगता येत नाही. दुपारची भूक मरते. रात्री झोप उडते. संध्याकाळी औषध उतरायला लागलं की चिडचिड होते आणि घरचे म्हणतात, ‘दिवसभर ठीक असतोस, पण सहानंतर तुझ्याशी बोलायची सोय नाही.’ पाळीच्या आधीच्या आठवड्यात तोच डोस लागू पडत नाही, असं अनेक स्त्रिया सांगतात. तरीही बऱ्याच ठिकाणच्या टायट्रेशनच्या वेळापत्रकात त्याला जागा नसते. डोस जास्त झाला तर माणूस शांत दिसतो खरा, पण आतून कोरडा पडतो, आवडीच्या गोष्टींतही रमत नाही. हा फरक प्रश्नावलीच्या आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी समोर ऐकणारं माणूस लागतं.

नाडी आणि रक्तदाबाचंही तसंच. प्रत्येक वेळी डोस बदलण्याआधी आणि बदलल्यावर दोन्ही मोजा, पुढे दर सहा महिन्यांनी मोजत राहा, असं नाइस सांगते. विश्रांतीतही नाडी १२० च्या वर टिकून राहिली तर डोस खाली आणून तज्ज्ञाकडे पाठवायचं. ऑनलाइन क्लिनिकचा रुग्ण घरच्याच यंत्रावर हे मोजतो आणि आकडे पाठवून देतो. ही पद्धत वाईट नाही, पण पलीकडे ते आकडे कुणी वाचतं का, यावर सगळं अवलंबून आहे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण काहीसं अधिक आढळल्याचं २०२३ मधल्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं. औषध टाळावं असा त्याचा अर्थ नाही. उलट, स्वीडनमधल्याच दीड लाखाच्या आसपास माणसांवरच्या २०२५ च्या अभ्यासात औषधोपचारांचा संबंध आत्महत्येचे प्रयत्न, व्यसनं आणि रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याशी दिसून आला. इतका मोठा फायदा पदरात पाडून घ्यायचा, तर देखरेखीत कसर करून चालणार नाही.

आता पैशांचं गणित. लिसडेक्सअँफेटामिन आणि मेथिलफेनिडेट ही दोन्ही औषधं कडक नियंत्रणाखालच्या वर्गात मोडतात. प्रिस्क्रिप्शन २८ दिवसच चालतं आणि एका वेळी साधारण महिन्याचाच साठा मिळतो. म्हणजे खासगी रुग्णाला दर महिन्याला क्लिनिकचं शुल्क, प्रिस्क्रिप्शनचा खर्च आणि औषधाची पूर्ण किंमत मोजावी लागते. एनएचएसमार्फत तेच औषध इंग्लंडमध्ये २०२४ पासून ९.९० पौंडांत पडतं. म्हणून डोस स्थिरावला की खासगी तज्ज्ञ जीपीला पत्र लिहितो: पुढची प्रिस्क्रिप्शनं तुम्ही लिहा, वर्षाची तपासणी आम्ही करू. ही ‘शेअर्ड केअर’ची व्यवस्था. जीपीवर ती बंधनकारक नाही आणि बऱ्याच भागांत त्यासाठी त्यांना वेगळा मोबदलाही मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जीपींनी सामूहिक आंदोलन सुरू केलं, तेव्हा विनामोबदला कामं थांबवण्याचा पर्याय त्यांच्यापुढे होताच. ज्या क्लिनिकची ओळख नाही त्याच्या निदानावर नियंत्रित औषध लिहून द्यायला डॉक्टर कचरतो, यात त्याचा दोष मानता येणार नाही. पण निदानावर आणि टायट्रेशनवर साठवलेले पैसे घालवून बसलेल्या माणसाला हा नकार शेवटच्या पायरीवर कळावा, हा अन्याय आहे.

‘राइट टू चूज’ ही त्यातली बरी वाट. जीपीच्या चिठ्ठीवर एनएचएसच्या खर्चानं दुसरीकडे तपासणी करून घेता येते. पण हा हक्क फक्त इंग्लंडमध्ये आहे, आणि तिथेही निदानानंतर टायट्रेशनसाठी बऱ्याचदा दुसरी रांग लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये औषधांचाच तुटवडा पडला तेव्हा तर संबंधित औषधांवर नवे रुग्ण सुरू करू नका, असा अधिकृत इशारा निघाला. हातात निदान आणि दुकानात गोळी नाही, अशा अवस्थेत कितीतरी जणांनी महिने काढले. डोस अर्धवट चढवलेल्या काहींना तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

निदान कोण करतं यापेक्षा निदानानंतरच्या महिन्यांची जबाबदारी कोण घेतं, हा प्रश्न या स्तंभाला अधिक महत्त्वाचा वाटतो. टायट्रेशनची लेखी योजना आणि ते किती काळ सांभाळणार याची हमी दिल्याशिवाय कुठल्याही क्लिनिकला तपासणीचे पैसे घेऊ देऊ नयेत. शेअर्ड केअरबद्दल जीपीचं उत्तर तपासणीच्या आधी, लेखी मिळालं पाहिजे. आणि जीपीला या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. प्राध्यापक अनिता थापर यांच्या अध्यक्षतेखालच्या एडीएचडी कार्यदलानं २०२५ च्या अहवालांत केवळ तज्ज्ञांच्या भरवशावर न राहता प्राथमिक आरोग्यसेवेलाही यात सामावून घ्यावं असं सुचवलं आहे. दिशा योग्य आहे, पण त्यामागे पैसा उभा राहिला नाही तर ओझं फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकेल.

पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनाही हे सगळं लागू होतं. इथल्या मानसोपचारतज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं म्हणून तिथला जीपी तेच औषध लगेच पुढे चालू ठेवेल असं नाही. तो बहुधा तिथल्या तज्ज्ञाकडे पाठवतो, आणि तिथे पुन्हा रांग असते. मेथिलफेनिडेट आपल्याकडेही एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ हवंच. त्या पत्रात नुसतं औषधाचं नाव पुरत नाही. कोणत्या डोसपासून सुरुवात झाली, तो कधी आणि का वाढवला, कुठे त्रास झाला म्हणून मागे यावं लागलं, नाडी आणि रक्तदाब किती होते, हे सगळं तारखांसह लिहून घ्यावं. विमानात बसण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, प्रवेशाचं पत्र आलं की लगेच.