कामावरच्या माणसाला बसू द्या



२०२४ चा मे महिना आठवतो ना? अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. शिकवणी वर्ग सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर घ्या, असा आदेश निघाला. कामगारांसाठी प्यायचं पाणी आणि पंख्याची सोय करा, असंही त्यात होतं. मला हे दुसरं वाचून वाईट वाटलं. पाण्यासाठी आणि पंख्यासाठी सरकारी हुकूम लागावा?

हे आपल्याच लोकांसाठी लिहिते आहे. अमरावती-अकोल्यात कापडाची, किराण्याची, सोन्याचांदीची कितीतरी दुकानं आपल्या समाजाची आहेत. उन्हाळा लागला की आपण पाणपोई लावतो, गच्चीवर पाखरांसाठी पाणी ठेवतो. ते चांगलंच आहे. पण दुकानात काउंटरमागची मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली दिसली तर आळशी वाटते म्हणे! त्यात बाथरूमची सोय नसली तर ती पाणीच कमी पिते. मग उन्हाळी लागते, पाय सुजतात, वर्षानुवर्षं उभं राहून पायांच्या शिरा फुगतात.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन म्हणजे झेपेल त्याहून जास्त भार लादणं आणि वेळेवर खाऊपिऊ न देणं. शिकवताना उदाहरण बैलाचं देतात, पण माणूस त्यातून सुटला असं कुठे आहे? मालक चौविहारासाठी सूर्यास्ताआधी घरी जेवून येतो. नोकराचा दुपारचा डबा मात्र गिऱ्हाइकांच्या गर्दीवर अवलंबून.

कोणी म्हणेल, छोट्या दुकानाला हे कसं परवडणार? मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. यंत्राचा, फर्निचरचा घसारा आपण दरवर्षी वहीत धरतो. माणसाच्या गुडघ्यांचा घसारा कोणत्या वहीत लिहायचा? तो त्याच्या घरच्या दवाखान्याच्या खर्चात जातो, म्हणून आपल्याला दिसत नाही. शिवाय, सवयीचा माणूस आजारी पडून सोडून गेला की नव्याला माल आणि भाव शिकवण्यात सहा महिने जातात. तो तोटा मात्र आपलाच असतो.

कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच सांगितलं होतं. दुकानांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये तशी तरतूद केली. केरळात त्यासाठी कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका लढल्या. आपल्याकडे कोणी लढेपर्यंत थांबायची गरज नाही.

काउंटरमागे एक-दोन स्टूल, माठ, चालू पंखा आणि जेवायला ठरलेला अर्धा तास, एवढं तर उद्यापासून होऊ शकतं. बाथरूमला जागाच नसेल, तर शेजारच्या दोन-चार दुकानदारांनी मिळून सोय करावी. मे महिन्यात दुपारी माल चढवणं-उतरवणं टाळून ते काम सकाळी उरकावं.

दुकान आपण चालवत नसू, पण चालवणारे रात्री आपल्याच हातचा चहा घेतात. तेव्हा एवढंच विचारा, "आज दुकानातली पोरं किती वाजता जेवली?" उत्तर येत नसेल, तर दुसऱ्या दिवशीही विचारा.