हिमाचा बांध आणि आपली मांजरा

औरादेत बर्फ दिसतो तो सरबताच्या गाडीवर. म्हणून भूगोलातील हिमनदीचा धडा परीक्षेपुरता पाठ करावा, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

मराठ्यांनी १७५८ साली गाठलेल्या अटकेचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याच अटकेपर्यंत १९२९ च्या ऑगस्टात सिंधूचा जो पूर पोहोचला, त्याचे मूळ दूर काराकोरमात होते. चोंग कुमदान ही हिमनदी पुढे सरकून श्योक नदीचे पात्र अडवून बसली होती. मागे कित्येक मैल लांबीचे सरोवर साचले आणि अखेर तो बांध फुटला. बर्फ पाण्याहून हलका. पाणी पुरेसे चढले की बांध तळाशी उचलला जातो, पाणी खालून वाट काढते आणि ती वाट वितळून रुंदावतच जाते. माथ्यावर आकाश निरभ्र असले तरी हे घडते! मग खालच्या गावाने ढगांकडे पाहून काय ओळखावे?

पुण्यावर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी आले. तेथे बांध मातीचा होता, एवढाच भेद. पाणी किती चढले हे कोणी पाहावे आणि खालच्यांस कोणी कळवावे, हा प्रश्न दोहींकडे एकच.

आपली मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते. तिकडचा पाऊस आपल्या आकाशात दिसत नाही. म्हणून आमचे मत असे की, नदीकाठच्या व तळ्याकाठच्या प्रत्येक शाळेने मोजपट्टी रोवावी, वरच्या वर्गांनी पावसाळाभर रोजचा आकडा चावडीच्या फळ्यावर लिहावा. खर्च तो काय? एक खांब, थोडा रंग आणि एक वही.