आजारपणाचा भार किती खांद्यांवर?

आरोग्य विम्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक, "अल्लाहवर भरवसा असताना आजाराची आधीच तरतूद कशाला?" आणि दुसरा, "विमा घेणे जायज आहे का?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. दुसरा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. सुमारे २८ कोटी वस्तीच्या, बहुसंख्य मुस्लिम असलेल्या इंडोनेशियाने तो टाळला नाही. तिथे या प्रश्नाची चर्चा उलमांच्या परिषदेतही झाली आणि सरकार दरबारीही. म्हणून या महिन्यात त्या देशाची हकीगत वाचकांसमोर ठेवत आहोत.

पूर्वी तिथे सरकारी नोकरांसाठी एक योजना, कारखान्यांतील कामगारांसाठी दुसरी आणि गरिबांसाठी तिसरी होती. बाकीच्यांनी आपापले बघावे, असा प्रकार होता. २००४ च्या आणि २०११ च्या कायद्याने हे सारे एकत्र आणण्याचे ठरले आणि १ जानेवारी २०१४ पासून संपूर्ण देशासाठी एकच आरोग्य विमा सुरू झाला. तो चालवणाऱ्या सरकारी संस्थेचे नाव 'बीपीजेएस'. आज तिथली ९५ टक्क्यांहून अधिक जनता या योजनेत नोंदलेली आहे.

ही योजना लोकांना समजावताना सरकारने 'गोतोंग रोयोंग' हा जुना शब्द वापरला. गावात कोणाचे घर बांधायचे असो, कापणी असो की मयत असो, सगळ्यांनी येऊन हात लावायचा, ही तिथली रीत. आपल्याकडे शेतात इर्जिक घालतात तसेच काहीसे. आज धडधाकट असलेल्याने दिलेल्या पैशातून आजारी माणसाचा इलाज व्हावा. उद्या पाळी त्याच्यावर आली तर दुसऱ्यांनी उभे राहावे. लोकांना विम्याचे गणित पटवण्यापेक्षा ही ओळखीची रीत दाखवणे सोपे गेले.

नियमांतही कुटुंबाची ही समज उतरली आहे. नोकरदाराच्या पगाराच्या ५ टक्के रक्कम विम्यात जाते. त्यातील ४ टक्के मालक देतो, १ टक्का कामगार. त्यात नवरा, बायको आणि तीन मुले येतात. आई-वडील किंवा सासू-सासऱ्यांना जोडायचे असेल तर माणशी आणखी १ टक्का द्यायचा. घरातील वडीलधाऱ्यांना इतक्या सहजपणे विम्यात घेणे आपल्या बाजारातील किती पॉलिसींना जमते? गरिबांचा हप्ता सरकार भरते. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला मात्र संपूर्ण कुटुंबाची नोंद एकत्रच करावी लागते. फक्त आजारी माणसाचे नाव घालून मोकळे होता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१५ मध्ये तिथल्या उलमा कौन्सिलच्या परिषदेने या योजनेवर आक्षेप घेतला. पैसा कोणत्या करारावर गोळा होतो हे स्पष्ट नाही, म्हणजे त्यात गरर आहे; जमा रक्कम व्याजाच्या व्यवहारात गुंतते; आणि हप्ता चुकल्यास दरमहा २ टक्के दंड लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी नहदतुल उलमा या मोठ्या संघटनेच्या अधिवेशनाने वेगळे मत दिले. ही परस्पर मदतीची व्यवस्था असल्याने ती शरीअतला धरून आहे, असे त्यांनी सांगितले. दोन्ही बाजूंना आलिम होते आणि दोन्ही बाजूंनी दलील होती. पुढे सरकार आणि उलमा एकत्र बसले. २०१६ च्या हुकुमाने तो दरमहाचा दंड गेला. त्याऐवजी थकबाकीदार पुन्हा सुरू झाल्यावर ठराविक मुदतीत रुग्णालयात दाखल झाला तरच काही रक्कम भरावी लागते, असा नियम आला.

यात ध्यानात घेण्यासारखे हे की, उलमांनी "विमा हराम" म्हणून दार लावून घेतले नाही. करारात काय दुरुस्त करावे हे त्यांनी सांगितले. १९८५ मध्ये जिद्दाच्या फिक्ह अकादमीनेही नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा आणि परस्पर सहकार्याचा विमा यांत असाच फरक केला होता. एकाच्या हातून घडलेल्या चुकीची दियत सगळ्या कुळाने मिळून भरायची, ही 'आकिला'ची पद्धत आपल्या इतिहासात आहेच.

इंडोनेशियात सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. रिक्षावाले, फेरीवाले, छोटे दुकानदार आजारी पडल्यावर नाव नोंदवतात आणि बरे झाल्यावर हप्ता थांबवतात. त्यामुळे सुरुवातीची अनेक वर्षे योजना तोट्यात होती. हप्ता वाढवला तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती वाढ रद्द केली, आणि सरकारने काही महिन्यांतच नवा हुकूम काढून हप्ता पुन्हा वाढवला. तिथले निम्म्याहून अधिक पुरुष सिगारेट ओढतात. २०१८ मध्ये योजनेची तूट भरायला सिगारेटवरच्या कराचा पैसा वापरावा लागला. म्हणजे ज्या धुराने माणसे आजारी पडतात, त्याच धुराच्या कमाईतून इलाज! सर्वांनी मिळून भार उचलायचा तर प्रत्येकाने आपल्या तब्येतीची अमानत सांभाळणेही आले.

आणखी एक गोष्ट. विम्याचे कार्ड हाती आले तरी इलाजासाठी दवाखाना लागतोच. योग्याकर्ता येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या मुहम्मदिया संघटनेने १९२३ मध्ये एक साधा दवाखाना उघडला. आज तिची शंभराहून अधिक रुग्णालये आहेत. धर्म न विचारता तिथे इलाज होतो आणि सरकारी विम्याचे असंख्य रुग्ण तिथे जातात.

आपल्याकडे काय चालते? मोहल्ल्यात कोणाला कॅन्सर किंवा किडनीचा आजार निघाला की रुग्णालयाच्या बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. लोक सढळ हाताने देतात, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण ही मदत संकट कोसळल्यावर येते. ज्याची ओळख मोठी त्याला जास्त मिळते, आणि इज्जतीसाठी गप्प राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. घरातील बाई तर आपले दुखणे शेवटी सांगते, कारण खर्चाचा हिशेब तिच्या डोक्यात आधीच झालेला असतो.

आपल्या हक्काच्या वाटाही आपण पुरत्या चालत नाही. कामगार राज्य विमा योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के देतो आणि आश्रित आई-वडिलांनाही उपचार मिळतात. आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळतो, आणि २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ही सोय आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ज्या योजनेत हप्ता सरकार भरते, तिथे आपण काही भरतच नाही. तिचा विचार खासगी पॉलिसीहून वेगळा करावा लागतो. तरीही शंका असेल तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारताना "विमा चालतो का?" एवढेच विचारू नका. पैसा कोण देतो, कुठे ठेवला जातो, उरला तर कोणाचा, हे सांगून विचारा.

एक काम तर याच आठवड्यात करता येईल. आधारवर 'शेख', शिधापत्रिकेवर 'शेक', एकीकडे 'मोहम्मद' तर दुसरीकडे 'मो.', अशा फरकांमुळे ऐन वेळी कार्ड अडते. घरातील सगळ्यांचे कागद एकत्र काढा, नावे जुळवा, चुकले असेल ते दुरुस्त करून घ्या. मोहल्ल्यातील शिकलेल्या मुला-मुलींनी जुम्मा झाल्यावर तासभर बसून शेजाऱ्यांची कार्डे काढून दिली तर तेही एक प्रकारचे गोतोंग रोयोंगच होईल.

अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि आपल्याला एकमेकांचा भार उचलण्याची तौफिक देवो. आमीन.