सुटका झाली, पुनर्वसनाचे काय?

तुरुंगाचा दरवाजा उघडला की शिक्षा संपली, असे कायदा म्हणतो. समाज तसे मानत नाही. सुटून आलेल्याला खोली मिळत नाही, काम मिळत नाही आणि वस्तीत चोरी झाली की पोलीस प्रथम त्याच्याच दारात येतात. अशा माणसावर सरकारने पैसा खर्च करावा काय? करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब मांडू. कैद्याचे जेवण, पहारा, औषधपाणी, कोर्टाच्या तारखेचा बंदोबस्त हे सारे जनतेच्या पैशातून होते. तो पुन्हा आत गेला तर हा भार पुन्हा आलाच. शिवाय नव्या गुन्ह्यात कुणीतरी बळी जातो आणि कैद्याच्या मुलांची शाळा सुटते. त्यापुढे काही महिन्यांचा निवारा, कागदपत्रे आणि छोटे कर्ज यांचा खर्च कितीसा? २०२२ साली राज्य सहकारी बँकेने येरवड्यातील कैद्यांसाठी ५० हजारांपर्यंतच्या कर्जाची योजना सुरू केली. त्याची फेड कैद्याच्या मजुरीतून होते. ही भीक नव्हे.

आणि तुरुंगात आहे तरी कोण? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जातींचा तुरुंगातील वाटा मात्र पाचव्या हिश्श्याहून अधिक! १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा शिक्का १९५२ साली कायदा रद्द होऊनही पुसला गेला नाही. कारागृह नियमावल्यांतील जातिभेद सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली घटनाबाह्य ठरवावा लागला, यातच सर्व आले.

आमचेच बांधव विचारतील, अत्याचार करणाऱ्यालाही मदत द्यायची काय? प्रश्न रास्त आहे. पीडिताची भरपाई आणि संरक्षण आधी, यात तडजोड नाही. पुनर्वसन म्हणजे शिक्षेत सूट नव्हे. पण शिक्षा पूर्ण भोगलेला माणूस बेकार फिरला, तर पीडिताची भीती कमी होत नाही, वाढते.

न्या. मुल्ला समितीने १९८३ साली सुटकेनंतरच्या देखभालीवर भर दिला होता. सरकारने प्रत्येक जिल्ह्यात ही व्यवस्था उभारावी. चळवळीनेही थांबू नये. सुटून आलेल्याचे रेशनकार्ड, आधार, बँकखाते करून देणे वस्तीतील कोणत्याही मंडळाला शक्य आहे. ते काम उद्यापासून सुरू व्हावे.